शास्त्रापुरते विज्ञान

पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटात यजमान अर्धा लाडू ठेवतात आणि म्हणतात, "शास्त्रापुरता घ्या." शास्त्रापुरता म्हणजे नावापुरता. रीत मोडली असे होऊ नये, एवढ्यासाठी. हाच 'शास्त्र' शब्द मागे लावून आपण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र ही नावे घडवली, आणि आता ती इतकी अंगवळणी पडली आहेत की त्या शब्दाने विज्ञानाबरोबर आणखी काय काय घरात आणले हे आपण पाहत नाही. विज्ञानविषयक मराठी लेखांचे संपादन गेली बरीच वर्षे करत असल्यामुळे मला ते रोज दिसते. मराठी वैज्ञानिक परिभाषेवरची चर्चा बहुधा 'संस्कृतप्रचुर की इंग्रजी' या एकाच वादात अडकते. मला तो वाद दुय्यम वाटतो. मूळ प्रश्न असा की, शब्दाचा अर्थ आपण कुठे शोधतो? त्याच्या व्युत्पत्तीत की पडताळ्यात?

'शास्त्र' हा शब्द 'शास्' धातूपासून आला. शासन, अनुशासन, शिष्य ही त्याचीच भावंडे. आज्ञा करणे, वळण लावणे, शिकवणे हा त्याचा गाभा. शास्त्राला आधार ग्रंथाचा असतो. एखादी गोष्ट शास्त्राला धरून आहे की सोडून आहे, असे आपण विचारतो. प्रयोगशाळेत चालणारे काम याच्या बरोबर उलटे. तिथे ग्रंथ चुकला की ग्रंथ बदलतात. तरीही ते काम करणाऱ्या माणसाला आपण 'शास्त्रज्ञ' म्हणतो, आणि शब्दशः पाहिले तर 'शास्त्री' आणि 'शास्त्रज्ञ' यांत फारसे अंतर नाही. इंग्रजीतही 'सायंटिस्ट' हा शब्द जुना नव्हे. विल्यम ह्यूवेल यांनी तो १८३३ मध्ये सुचवला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. 'निसर्गतत्त्वज्ञ' हे आधीचे नाव नव्या कामाला पुरेनासे झाले, म्हणून नवा शब्द पाडावा लागला. आपल्याकडे काम नवे आले आणि त्यावर जुन्या पदवीचे लेबल चिकटले.

मग 'विज्ञान' शब्द बरा का? त्याचाही इतिहास सरळ नाही. अमरकोशाने मोक्षविषयक बुद्धीला ज्ञान म्हटले, तर शिल्प आणि शास्त्रे यांच्या जाणकारीला विज्ञान. ज्ञानेश्वरांनी सातव्या अध्यायात प्रपंचाच्या ज्ञानाला विज्ञान म्हटले आहे. आजच्या अर्थाच्या ही वाट बरीच जवळ येते. म्हणजे आपल्या परंपरेत विज्ञानाची पायरी ज्ञानाच्या खालची होती. एकोणिसाव्या शतकात तिचा मान वाढला. आरंभीच्या लेखकांनी तर दोन्ही शब्द एकदमच वापरले. हरि केशवजी यांच्या अठराशे तीसच्या दशकातल्या एका अनुवादित पुस्तकाचे नाव 'सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद' असे आहे. विज्ञानही, शास्त्रही, वर संवादही. नवीन पाहुण्याला कोणत्या खोलीत उतरवावे हे न सुचल्याने सगळीच दारे उघडी ठेवावीत, तसे ते नाव मला वाटते, आणि त्यातल्या धडपडीबद्दल आदरही वाटतो. 'पदार्थविज्ञान' हे नाव पुढे बराच काळ चालले. आज ते कुणी वापरले, आणि तेही दिवाळीच्या दिवसांत, तर वाचक चकली आणि शंकरपाळ्यांचीच अपेक्षा ठेवील.

शाखांची नावे एकेक करून पाहिली, तर प्रत्येकात एक जुना रहिवासी सापडतो. 'भौतिक'मध्ये पंचमहाभूते आहेत. 'रसायन' हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव. म्हातारपण लांबवणाऱ्या औषधांचा तो विभाग, आणि च्यवनप्राश हे त्याचे घरोघरी माहीत असलेले उदाहरण. शब्दाचे दैव पाहा. जो आयुष्य वाढवणारा होता, तोच आज 'रसायनमुक्त भाजी', 'रसायनविरहित गूळ' अशा पाट्यांवर विषाच्या जागी बसला आहे. पाणी हे रसायन आहे, मीठही आहे, गूळ तर रसायनांचे गाठोडेच. पण वाचकाला हे पटवताना मला दर वेळी परिच्छेद खर्ची घालावा लागतो. शाखेचे नाव आणि शिवी एकच झाली की त्या शाखेला भाषेत बोलणे अवघड होते.

सर्वांत महाग पडलेला घोटाळा ज्योतिषाचा. शं. बा. दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा इतिहास १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ग्रहगणित, पंचांग, वेध यांचा विचार आहे, म्हणजे आज आपण ज्याला खगोलशास्त्र म्हणतो त्याचा. मराठी विश्वकोशानेही आकाशस्थ पदार्थांच्या अभ्यासाला 'ज्योतिषशास्त्र' आणि भविष्यकथनाला 'फलज्योतिष' असा भेद पाळला. पण बाजाराने 'फल' गाळून टाकले आणि 'शास्त्र' ठेवले. आज दीक्षितांचे पुस्तक दुकानात मागितले तर ते राशिभविष्याच्या कपाटात शोधले जाण्याचा धोका आहे. शास्त्र टाकून विज्ञान घेतल्याने हे सुटेल असे ज्यांना वाटते, त्यांनी २००१ आठवावे. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने भविष्यकथनाच्याच अभ्यासक्रमाला 'ज्योतिर्विज्ञान' हे नाव दिले, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय ग्राह्य धरला. विज्ञान हा शब्दही कुणालाही लावता येतो.

मग फरक कसा दाखवायचा? जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये दाखवला तसा. दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. शंभर मुले हुशार, शंभर मतिमंद. ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते सांगायचे होते. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणे उडवून ठरवले असते तरी साधारण पन्नास टक्के आली असती. या चाचणीत कुणीही 'शास्त्र' शब्दाची व्युत्पत्ती सांगितली नाही. तिची गरजच पडली नाही.

आता मूलभूत संज्ञांकडे येते. आपली पाठ्यपुस्तके आणि हिंदीतली पाठ्यपुस्तके शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग मी कधीमधी करते, आणि तो मोठा करमणुकीचा आहे. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण, आणि अणूंच्या जोडणीतून होतो तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात, आणि अणु म्हणतात दुसऱ्याला. म्हणजे आपला अणू सीमा ओलांडला की रेणू होतो. मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ; हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि क्षार हा शब्द अल्कासाठी राखलेला आहे. मराठी पेशी म्हणजे सजीवाचा मूळ घटक. हिंदीत ती कोशिका, आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. हिंदीतला स्नायु हाडांना बांधणारा, म्हणजे आपला अस्थिबंध. मराठी माध्यमातून दहावी झालेला आणि पुढे हिंदीतून तयारीचे वर्ग ऐकणारा मुलगा या चकव्यात अडकतो. दोन्ही भाषा संस्कृतच बोलत आहेत अशी त्याची समजूत असते.

कोण बरोबर, असा प्रश्न लगेच येतो. जुन्या ग्रंथांना विचारले तर कौल बहुतेक ठिकाणी हिंदीच्या बाजूने पडेल. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले आहेत. त्यांतल्या पेशी मांसाच्या आहेत आणि स्नायू बांधणारे. वैशेषिकांचा मूळ कण परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत नाचणारा कण तो त्रसरेणू. मराठीने यातला अणू उचलला, रेणू उचलला, आणि तुकोबांच्या अभंगामुळे घराघरात पोचलेली ही जोडी आधुनिक रसायनाच्या कामाला लावली. मला यात काहीच खटकत नाही. उलट ही निवड मराठीची हुशारी वाटते. शब्द लहान, एकमेकांशी जुळते, आणि कानाला आधीपासून ओळखीचे.

शिवाय अणूची एक गंमत आहे. 'अॅटम' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'न कापता येणारा'. थॉमसन यांनी १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन शोधला आणि तो अर्थ खोटा पडला. शब्द मात्र तसाच राहिला. आपला 'अणू' म्हणजे नुसता सूक्ष्म. त्याने कधी फार मोठा दावा केलाच नव्हता, म्हणून तो खोटा पडला नाही. ज्या शब्दाने कमी बोलून कामाला जागा ठेवली, तो टिकतो. बोलघेवडा शब्द अडचणीत येतो. लाव्हाझिएनेही हा अनुभव दिला आहे. 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच असा त्यांचा समज होता. मिठाच्या आम्लात तो नाही, हे हम्फ्री डेव्हींनी दाखवून दिले. इंग्रजी वाचकाला तो चुकीचा अर्थ शब्दात दिसत नाही, म्हणून त्याचे काही बिघडत नाही. आपल्याला मात्र शब्द उकलून पाहायची सवय आहे. समास सोडवला की अर्थ हाती आला, असे आपण शाळेतच शिकतो.

या सवयीने केलेले सर्वांत मोठे नुकसान मला 'धनाग्र' आणि 'ऋणाग्र' या जोडीत दिसते. १८३४ मध्ये मायकेल फॅरेडे विजेने द्रावणांचे अपघटन करत होते. त्यांना दोन टोकांसाठी नावे हवी होती, पण 'धन' आणि 'ऋण' नको होते, कारण वीज नेमकी काय आहे आणि कोणत्या दिशेने वाहते हे तेव्हा ठरलेले नव्हते. उद्या मत बदलले तर शब्द खोटे पडू नयेत अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ह्यूवेल यांना पत्रे लिहिली, आणि त्या पत्रव्यवहारातून अॅनोड आणि कॅथोड हे शब्द आले. सूर्य उगवतो ती बाजू आणि मावळतो ती बाजू, एवढीच त्यांमागची कल्पना. हेच शब्द मराठीत आणताना आपण नेमके तेच केले जे फॅरेडेंनी जाणूनबुजून टाळले होते. अॅनोडचे धनाग्र केले, कॅथोडचे ऋणाग्र. अपघटनाच्या भांड्यात ते बरोबर आहे. पण हातातला मोबाइल चालू असतो तेव्हा त्याच्या बॅटरीतला अॅनोड ऋण असतो. अॅनोड म्हणजे ज्या टोकाशी ऑक्सिडीकरण होते ते टोक. त्याचे चिन्ह काय, हे घट वीज देतो आहे की घेतो आहे यावर ठरते. मराठीत मात्र 'धनाग्र ऋण असते' असे वाक्य लिहावे लागते. विद्यार्थ्याला ते वेड्यासारखे वाटते, आणि दोष त्याचा नसतो.

'उत्क्रांती'चेही थोडे असेच आहे. 'उत्' म्हणजे वर. पट्टकृमीने दुसऱ्याच्या आतड्यात राहून स्वतःची पचनसंस्था गमावली, हीसुद्धा उत्क्रांतीच. पण शब्द ऐकताच डोळ्यांपुढे जिना उभा राहतो आणि वरच्या पायरीवर आपण. डार्विनच्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम नाही. केवळ अगदी शेवटी त्याचे क्रियारूप येते. आपण मात्र क्रांतीशी यमक जुळवून घेतले, आणि राजकीय व्याख्यानांना एक कायमचे द्वंद्व मिळाले.

सिद्धांत आणि गृहीतक या दोन शब्दांवर जरा थांबायला हवे, कारण विज्ञानाची रीतच या दोघांवर उभी आहे. सिद्धांत म्हणजे ज्याचा शेवट सिद्ध झाला आहे ते. पूर्वपक्ष मांडायचा, खोडायचा आणि मग सिद्धांत सांगायचा. त्यानंतर वाद संपतो. विज्ञानातली थिअरी वाद संपल्याची खूण नसते. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण दोनशे वर्षे टिकले, पण बुधाची कक्षा शतकात ४३ विकला जास्त सरकते हे त्यातून निघेना. ते आइन्स्टाइनच्या मांडणीतून १९१५ मध्ये निघाले. मराठी वाचक विचारतो, सिद्ध झालेले असिद्ध कसे झाले? आणि मग 'हे लोक रोज मत बदलतात' असे म्हणून पान उलटतो. 'उपपत्ती' हा जुना शब्द यापेक्षा नम्र होता. तो मागे पडला याचे मला वाईट वाटते. (महाविद्यालयात 'थिअरी' म्हणजे प्रात्यक्षिक नसलेला पेपर. तो अर्थ आपला, स्वयंभू.)

गृहीतकाची कथा याहून अवघड. आपण एखाद्याला गृहीत धरतो म्हणजे त्याच्याविषयी शंका घेणे सोडून देतो. विज्ञानात मात्र जे तपासायचे, शक्य तर खोडायचे, म्हणूनच पुढे ठेवायचे, त्याला आपण 'गृहीतक' म्हणतो. कोशांत 'अभ्युपगम' आणि 'परिकल्पना' आहेत. वापरात गृहीतकच जिंकले. भूमितीतल्या गृहीतकाला आणि प्रयोगातल्या गृहीतकाला एकच शब्द लावून आपण मुलांना दोन विरुद्ध वृत्ती एका नावाने शिकवतो. वजन आणि वस्तुमान यांचा गोंधळ यापुढे किरकोळ आहे. तो सगळ्याच भाषांत आहे आणि वाण्याचे त्याने काही अडत नाही.

इथे रघुवीरांचे नाव घेणे भाग आहे. त्यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर लाखो शब्दांची टांकसाळ घातली. नायट्रोजनला भूयाति, कार्बनला प्रांगार, क्लोरीनला नीरजी. पद्धत म्हणून ती देखणी होती, आणि तिची नुसती टिंगल करणे मला अन्यायाचे वाटते. पण ते शब्द कुठल्याही कामातून आले नव्हते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावे ठेवली, आणि ते योग्यच झाले. गंधक, पारा, जस्त, शिसे हे आपले होते, ते आपले राहिले.

मग कामातून आलेला शब्द कसा असतो? तो पाहायला परिभाषा समितीच्या बैठकीऐवजी बांधावर जावे लागते. नत्र, स्फुरद, पालाश हे तीन शब्द महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाहीत. 'दहा-सव्वीस-सव्वीस' म्हटले की कोणते किती, हे तो जाणतो. पानावर पिवळेपणा आला की नत्र कमी पडले, असे बोलतो, आणि युरिया टाकून ते खरे की खोटे तेही पाहतो. त्याच घरातली मुलगी शाळेत नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशिअम लिहिते. संध्याकाळी वडिलांच्या हातातल्या पोत्यावरचा स्फुरद म्हणजेच आपला फॉस्फरस, हे तिला कुणी सांगितलेले नसते. सांगितले तर एक पुढची गोष्टही कळेल. पोत्यावरचा २६ हा आकडा, जगभरच्या रिवाजानुसार, फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या हिशेबातला आहे. शंभर किलो खतात निव्वळ फॉस्फरस साधारण अकरा किलोच भरतो. हा धडा मराठीत सहज घेता येतो, आणि तो खऱ्या अर्थाने रसायनाचा धडा आहे.

याहून माझा आवडता शब्द 'वाफसा'. पाऊस उघडल्यावर किंवा पाणी दिल्यावर जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी पेरणीला योग्य स्थिती. मुरमाड रानात तो लवकर येतो, काळ्या भारी जमिनीत दिवस मोजावे लागतात. आला की नाही हे कसे कळते? मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि टाकायचा. फुटला तर वाफसा, नुसता चपटा होऊन बसला तर अजून थांबा. या शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत कुणी शोधत नाही. अर्थ त्या गोळ्यात आहे. भौतिकशास्त्रात व्याख्या अशीच लागते, की अमुक करा, तमुक दिसले तर हे नाव द्या. कृषी विद्यापीठांनी हा शब्द आपल्या लिखाणात जसाच्या तसा घेतला, कारण त्याला पर्याय देण्याची कुणाला गरजच पडली नाही.

नवे शब्द पुस्तकातून रुजतच नाहीत असे मात्र नाही. 'कृष्णविवर' रुजला. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे तेच नाव होते. शब्द कथेत आला, घटनेत अडकला, वाचकाच्या लक्षात राहिला. यादीत दिलेला शब्द असा अडकत नाही, आणि आपल्या परिभाषेचे दुबळेपण तिथेच आहे. भाषा संचालनालयाने विषयवार कोश काढले, विश्वकोशाने परिभाषा जमवली. ते श्रम थोर आहेत. पण कोशाचे पान उघडले की डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी शब्द. मध्ये वाक्य नाही. त्या शब्दाने कुणी काय मोजले, कुठे चुकले, शेजारच्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो, हे नाही. दहावीपर्यंत मूल हे शब्द पाठ करते, अकरावीच्या विज्ञान शाखेत पाऊल ठेवताच भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र इंग्रजीतून सुरू होते, आणि पाठ केलेले सगळे एका उन्हाळ्यात मावळते. सेमी-इंग्रजीच्या वर्गांत तर ते उगवतही नाही. ज्या शब्दांनी कुणी पुढे कामच करणार नाही, ते दुरुस्त कोण करील? 'धनाग्र' इतकी वर्षे टिकले ते लोकांना पटल्यामुळे नव्हे. बॅटरीवर मराठीत काम करणारा कुणी त्याला अडला नाही म्हणून टिकले.

म्हणून पुढचा कोश करणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. शब्द कमी द्या, नोंदी मोठ्या द्या. उदाहरणार्थ: अॅनोड : ज्या अग्राशी ऑक्सिडीकरण होते ते अग्र. वीज देणाऱ्या घटात हे ऋण असते, अपघटनाच्या भांड्यात धन. मोबाइल वापरताना एक टोक, चार्जिंगला लावल्यावर दुसरे. जुन्या पुस्तकांत यालाच 'धनाग्र' म्हटले आहे. ते निम्म्या ठिकाणी खरे.